परत द्यायचं भांडं

माझ्या सासूबाईंनी माझ्यावर आवाज चढवला तो उभ्या आयुष्यात एकदाच, आणि तोही एका वाटीवरून. लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. शेजारच्या रुखमाबाईंनी वाटीभर शेवभाजी पाठवली होती. मी ती वाटी घासली, पदराला पुसली आणि लगेच परत नेऊन दिली. सासरी आल्यावर एक काम तरी कोणी न सांगता केलं म्हणून मी स्वतःवर खूश होते. आत्या दारातच उभ्या होत्या. सासूबाईंना मी आत्या म्हणायची.

"रिकामी दिधी?"

"हां. घासीसन दिधी ना."

"हेमांगी, लोकेस्नं भांडं घाण देवानं नही आनि रिकामं बी देवानं नही. चिमूटभर साखर तरी टाकानी व्हती. लोके काय म्हनतीन, शांतीबाईना घरमा साखर नही शे का?" माझा चेहरा उतरलेला बघून त्यांनी आवाज खाली आणला. "रिकामा जास तो फक्त दुखना डबा. ज्या घरमा माणूस गया, त्या घरना. ध्यानमा ठेव."

ध्यानात ठेवलं. पुढची बारा वर्षं आमच्या घरातून कोणाचं भांडं रिकामं गेलं नाही. साखर नाही तर तांदूळ, तांदूळ नाही तर शेतातली एखादी पपई. हे सगळं आधी सांगते आहे, कारण पुढं जे झालं ते या वाटीपासून सुरू होतं, आणि ते मला फार उशिरा कळलं.

शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीहून थोडं पुढं आमचं गाव. पपई, केळी आणि ऊस. मी गावाची आशा सेविका. कोणाला कितवा महिना लागला, कोणाच्या बाळाची लस चुकली, कोणाच्या गोळ्या संपल्या, सगळं माझ्या डायरीत. बोलायला मी अजिबात लाजत नाही, अशी माझी ख्याती. नवरे मला बघून रस्ता बदलतात, कारण मी भर चौकात नसबंदीचं विचारते.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये शहाद्याला आमचं प्रशिक्षण झालं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो, त्याची तपासणी गावागावांत करायची होती. आमच्या उपकेंद्राच्या मोहिनी सिस्टरनी पिशवीतून एक पाकीट काढलं. आत पेनाएवढी काडी, तिच्या टोकाला मऊ ब्रश, एक झाकणाची नळी आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी. बाईनं घरी दार लावून काडी स्वतःच आत घालायची, पाच वेळा फिरवायची, काढून तशीच नळीत ठेवायची आणि झाकण लावायचं. झालं. टेबलावर झोपायला नको, डॉक्टरपुढं लुगडं वर करायला नको. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नमुना कोरडाच पाठवायचा. नळीत औषध नाही, सोबत बर्फ नाही. आमच्याकडच्या चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हातही तो टिकतो. एसटीत मांडीवर पिशवी ठेवून नेला तरी चालतो.

मला ते इतकं आवडलं! आमच्या बायका दवाखान्याच्या पायरीवरून परत येणाऱ्या. दुखणं अंगावर काढण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. त्यांच्यासाठी कोणीतरी डोकं चालवलं होतं. मी गल्लीगल्लीत ओट्यावर बायका गोळा केल्या, डाव्या हाताची मूठ पोकळ धरली, तिच्यात काडी घालून फिरवून दाखवली. बायका पदरात तोंड खुपसून हसल्या. रुखमाबाई म्हणाल्या, "वं माय, या पोरीले लाज म्हनून नही शे." मी प्रत्येकीकडून तीनदा वदवून घेतलं. काडी पुसायची नाही, पाणी लागू द्यायचं नाही, काडीवर जे लागेल तेच आपल्याला हवं आहे. चाळीस पाकिटं वाटली. एकोणचाळीस जणींना असं समजावून.

चाळिसावं पाकीट आत्यांचं होतं.

गावाला तोंड वाजवून सांगणारी मी, घरात माझ्या तोंडाला कुलूप लागलं. आत्यांपुढं मी कधी मोठ्यानं हसलेही नव्हते. पाळीच्या दिवसांत "बाहेरची आहे" एवढंही मी त्यांना शब्दांनी सांगत नव्हते, देवघराकडं फिरकले नाही की त्या समजून जायच्या. त्यांच्यापुढं मूठ पोकळ धरून काडी कशी फिरवायची? दोन दिवस मी पाकीट डायरीत घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या मिरच्या निवडत बसल्या होत्या, आबा, म्हणजे सासरे, शेतात होते, तेव्हा मी ते पाकीट पाण्याच्या माठाशेजारी ठेवलं आणि भिंतीकडं बघत बोलले.

"आत्या, हाई तपासणीनं शे. कागदवर चित्रं शेत, तसं करानं. कोरडं जोयजे. सांजले परत देवानं शे."

"हां," आत्या म्हणाल्या. त्यांनीही माझ्याकडं बघितलं नाही.

बस. एवढंच. एका श्वासात सांगून मी निघून गेले आणि बाहेर जाऊन सुटकेचा श्वास टाकला. आज त्या श्वासाची मला शिसारी येते.

संध्याकाळी नळी मला मिळाली ती स्वच्छ रुमालात बांधलेली. बाकीच्या बायकांनी नळ्या कशाही आणून दिल्या होत्या, कोणी कमरेला खोचून, कोणी पोराच्या दप्तरातून. आत्यांचं सगळंच नेटकं, एवढंच माझ्या मनात आलं. उघडून बघायचं तर कारणच नव्हतं. चाळीसपैकी चाळीस नमुने दिलेलं तालुक्यातलं एकमेव गाव आमचं. मोहिनी सिस्टरनी बैठकीत सगळ्यांपुढं माझं नाव घेतलं.

सहा आठवड्यांनी निकाल आले. उपकेंद्रात सिस्टर यादी वाचत होत्या. तिघींमध्ये विषाणू सापडला होता, त्यांना नंदुरबारला न्यायचं होतं. छत्तीस जणी ठीक. राहिली एक. सिस्टर थांबल्या आणि हसू दाबत म्हणाल्या, "आशाताई, तुमच्याच घरचा नमुना बाद झालाय. शांतीबाई रूपचंद. नमुना अपुरा. नळीत बाहेरचे कण. पुन्हा घ्यावा." शेजारच्या दोन गावांच्या आशा होत्या, त्याही हसल्या. चेष्टाच होती ती, मनात काही नव्हतं कोणाच्या. पण माझे कान तापले. दाण्यांची पुडी फुटून दाणे नळीत गेले असतील, असं मी ठरवून टाकलं. सिस्टरनी दुसरं पाकीट दिलं, त्यावर आत्यांचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. "या आठवड्यात घेऊन टाका," त्या म्हणाल्या.

घरी आले तर ओट्यावर आत्या, रुखमाबाई आणि आणखी चार बायका बसल्या होत्या. ज्यांचे निकाल ठीक होते त्यांना मी सांगितलं. त्या तिघींना नंतर एकेकटीला गाठायचं, असं मनात होतं. तेवढ्यात आत्यांनी विचारलं. सहसा त्या चारचौघांत असं विचारणाऱ्या नव्हत्या.

"आनि मन्हं काय निंघनं वं?"

रुखमाबाई मध्येच बोलल्या, "तुन्ही सून आशा शे, तुले काय व्हनार शे?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. पाकीट माझ्या पिशवीत होतं. नमुना बाद झाला असं म्हटलं असतं तर कसा झाला हे आलं असतं, मी घरात काय समजावलं होतं हे आलं असतं. सहा बायकांपुढं ते सगळं उघडं करायचं माझ्या जिवावर आलं.

"चांगलं शे, आत्या," मी म्हणाले.

आत्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मला अजून दिसतं. मी मनाशी म्हटलं, आठवड्यात निवांत वेळ बघून पुन्हा नमुना घेऊ, काहीतरी कारण सांगू. पाकीट मी माझ्या पत्र्याच्या पेटीत रजिस्टरांखाली ठेवलं.

आठवडा गेला. मग लसीकरणाचा कॅम्प आला. पाऊस आला, डेंग्यूचा सर्व्हे आला. नणंदेचं बाळंतपण आलं. पपईची तोड आली. मी खोटी कारणं सांगत नाही, ही सगळी कामं खरीच होती. पण रजिस्टर काढायला दर दोन दिवसांनी मी ती पेटी उघडत होते, आणि दर वेळी आत्यांचं नाव मला दिसत होतं. दर वेळी मी रजिस्टर त्याच्यावर ठेवून देत होते. कामाचा डोंगर कितीही असो, दहा मिनिटांचं बोलणं होतं ते. मला ते बोलायचं नव्हतं, हेच खरं.

मार्चमध्ये गोठ्यामागं लाकडांच्या आडोशाला जुन्या लुगड्याचे फाडलेले तुकडे वाळत घातलेले दिसले. वरून पोतं टाकलेलं. आमच्या घरात पाळी येणारी मी एकटीच, आणि ते तुकडे माझे नव्हते. आत्यांची पाळी जाऊन पाच वर्षं झाली होती. कोणी शिकवायची गरज नव्हती, मीच गावाला शिकवत होते की पाळी गेल्यावर लाल दिसलं तर एक दिवस थांबायचं नाही.

आत्या चुलीपुढं होत्या. कंबर धरून बसल्या होत्या. ती कंबर त्या कितीतरी दिवस धरत होत्या, मी बघत होते आणि मिरच्या निवडून दुखत असेल असं समजत होते. त्या दिवशी मी सगळी लाज सोडून विचारलं. कधीपासून?

"दिवाळीपासून," आत्या म्हणाल्या. "उष्णता व्हई."

"दिवाळीपासून! आनि मले सांगं नही?"

माझा चढलेला आवाज ऐकून त्यांना नवल वाटलं. "तूच सांगं व्हतं ना चांगलं शे म्हनीसन. मशीनमा तपासेल शे. मंग मी कसाले घाबरू?"

नंदुरबारच्या डॉक्टरीण बाईंनी तपासलं आणि सुरतेला न्यायला सांगितलं. माझा नवरा योगेंद्र आणि मी आत्यांना घेऊन सुरतेला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, माँजी, याआधी कधी तपासणी केली होती का? मी तोंड उघडायच्या आत आत्या ताठ बसल्या. एवढ्या दुखण्यातही त्यांना अभिमान वाटला.

"करेल शे ना साहेब. घरनी सूनच आशा शे. चांगलं निंघनं व्हतं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. कागद आहे का, असं विचारलं. योगेंद्रही माझ्याकडं बघत होता. "घरी राहिला," मी म्हणाले. दुसरं खोटं. पहिल्या खोट्याच्या दिवशी निदान कान तापले होते, या वेळी तेही झालं नाही. तोच कॅन्सर होता, आणि खूप पसरला होता. किरणांचे शेक दिले, केमोच्या सुया दिल्या. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी आत्यांना घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते आम्ही समजलो.

मग मी आत्यांचं सगळं केलं. अंग पुसणं, कपडे बदलणं, कापसाच्या घड्या. ज्या बाईपुढं मी मूठ पोकळ धरू शकले नव्हते, तिला मी दिवसातून चार वेळा उघडी करत होते आणि दोघींपैकी कोणालाच काही वाटत नव्हतं. लाज अशी कुठल्या कुठे निघून गेली होती, आणि मला राग यायचा की या लाजेला जायचंच होतं तर ती दीड वर्ष आधी का गेली नाही.

एका दुपारी मी त्यांना चहा पाजत होते. बशीत साखर जास्त पडली होती. आत्या दोन घोट घेऊन हसल्या. खूप दिवसांनी हसल्या.

"हेमांगी, तुन्हा दवाखानावालास्नी मन्ही साखर खादी का नही?"

"कोनती साखर, आत्या?"

"त्या नळीमा टाकी व्हती ना. परत देवानी व्हती, मंग रिकामी कशी देवानी? चार दानाच मावनात." त्या दम घ्यायला थांबल्या. "आनि ती काडी, वं माय, तशीच घाण कशी देवानी परका माणूसना हातमा? तुन्हं नाव खराब व्हतं. मी गरम पानीमा चांगली धोई. तू सांगं व्हतं कोरडी जोयजे, मंग उन्हमा वाळाडी, आनि मंग दिधी."

बशी माझ्या हातातून खाली ठेवली गेली. नळीत बाहेरचे कण. मी वर्षभर ज्यांना पुडीतले दाणे समजत होते, ती आमच्या डब्यातली साखर होती. आत्यांनी सगळं चित्रांप्रमाणं केलं होतं, आणि मग माझी लाज राखायला, या घराचं भांडं परत जावं तसं, जे हवं होतं तेच धुऊन टाकलं होतं. आणि मी त्यांना एवढंसुद्धा सांगितलं नव्हतं की आत्या, धुऊ नका. एकोणचाळीस जणींना तीन तीन वेळा सांगितलं होतं.

त्या क्षणी गप्प बसले असते तर त्या सुखानं गेल्या असत्या. बऱ्याच जणी म्हणतील, गप्पच बसायचं होतंस. मला नाही जमलं. तिसरं खोटं माझ्या पोटात मावलं नसतं. मी त्यांचा हात धरला आणि सगळं सांगितलं. नमुना बाद झाला होता. चांगलं निघालं असं कोणीच लिहिलं नव्हतं, ते मी ओट्यावर उभ्या उभ्या बोलले. दुसरं पाकीट दिलं होतं, ते मी दिलं नाही. मी रडत होते आणि आत्या छताकडं बघत होत्या.

मग त्यांनी विचारलं, "दुसरी कोठे शे?"

"पेटीमा."

"आन."

मी आणलं. त्यांनी पाकीट दोन्ही हातांत धरलं, उलटंसुलटं करून बघितलं. त्यांना वाचता येत नव्हतं. चिठ्ठीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हाई मन्हं नाव शे?"

"हां, आत्या."

"मंग मले देवानं व्हतं," आत्या म्हणाल्या.

एवढंच. रागावल्या नाहीत, आवाज चढवला नाही. वाटीवरून चढवला होता त्याच्या निम्म्यानंही नाही. पाकीट त्यांनी माझ्या हातात परत दिलं आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या, पाणी दे, कूस वळव, आबा जेवले का विचार, सगळं बोलल्या. पण त्या गोष्टीवर नाही. माफ केलं का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. अकराव्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

मी मोहिनी सिस्टरना खरं सांगितलं. पहिला नमुना धुतलेला नसता तर नक्की काय निघालं असतं, आणि त्या वाचल्या असत्या का, हे आता कोणीच सांगू शकत नाही, असं त्या म्हणाल्या. मला धीर द्यायला म्हणाल्या. पण मला धीर नको होता. निदान कळलं तरी असतं, आणि ते त्यांचं होतं, त्यांच्या नावाचं होतं.

घरात चूल पेटत नव्हती. शेजारपाजारच्या घरांतून जेवण येत होतं. दहाव्या दिवसानंतर मी ओसरीत डबे घासायला बसले. सोळा डबे होते. घासले, उन्हात वाळवले, पुसले. मग सवयीनं साखरेचा डबा पुढं ओढला, चिमूट भरली, आणि हात रुखमाबाईंच्या डब्यावर तसाच थांबला. मी साखर परत टाकली. झाकण लावलं.

रुखमाबाई त्यांच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी डबा घेतला, उघडून बघितला आणि मान हलवली.

"मावशी," मी म्हणाले, "त्या दिवशी ओट्यावर मी आत्यांना चांगलं शे म्हटलं ते खोटं होतं. त्यांचा निकाल आलाच नव्हता. गावातल्या सगळ्या बायकांना मी हे सांगणार आहे. तुम्हाला आधी सांगितलं, कारण तुम्ही तिथं होतात."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. डबा छातीशी धरून माझ्याकडं बघत राहिल्या. मी उरलेले पंधरा डबे घरोघरी पोचवले, सगळे रिकामे, आणि संध्याकाळी घरी आले. दारात उभं राहून विचारणारं कोणी नव्हतं. या वेळी मी एकही चूक केली नव्हती, आणि तेवढंच सांगायला मला आत्या हव्या होत्या.